मर्यादा पाच हजारांची, खोली आठ हजारांची : साखळीतल्या एका घराचा इस्पितळाचा हिशेब

चवथ आठ दिवसांवर आलेली. साखळीजवळच्या एका घरात ७२ वर्षांच्या आजी सकाळी सातच्या सुमाराला तुळशीला पाणी घालून परतताना खळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. उठता येईना. डावा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात एक्स-रे निघाला. मांडीच्या हाडाची मान मोडलेली आणि तुकडा सरकलेला. या वयात असा तुकडा स्क्रूने सांधत बसत नाहीत, खुब्याचा मोडका गोळा काढून कृत्रिम बसवतात. इस्पितळाच्या कागदावर हिचं नाव हेमिआर्थ्रोप्लास्टी.

हे घर आणि हे बिल आम्ही नमुन्यादाखल बांधलेले आहे, कुठल्याही एका रुग्णाची माहिती यात नाही. नियम मात्र जसेच्या तसे आहेत. खुब्याचेच उदाहरण घेण्यालाही कारण आहे. हार्ट अटॅकमध्ये नातेवाइकांना विचार करायला वेळ नसतो, मोतीबिंदूत महिनाभर असतो. खुब्याच्या फ्रॅक्चरला शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात, कारण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी धरते. म्हणजे घरच्यांच्या हातात एक दिवस असतो. तेवढ्या वेळात चुका भरपूर होतात, आणि नीट पाहिले तर टाळताही येतात.

मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. पगार २१,००० च्या वर, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्यविमा, नाही. ते असते तर अवलंबून असलेली आई त्यात आली असती. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, ती तो, बायको आणि दोन मुलांपुरती. आईसाठी त्याने वेगळी पॉलिसी काढली, ५ लाखांची. प्रवेशाला ६५ वर्षांची अट लावण्याची मुभा १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने काढून टाकली, म्हणून सत्तरीत ती मिळाली तरी. अटी अशा : खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००, प्रत्येक दाव्यात १० टक्के को-पे (मान्य रकमेतला आपण भरायचा वाटा), हाडांच्या ठिसूळपणाला आणि सांधे बदलण्याला ३६ महिन्यांचा वेटिंग पीरियड, म्हणजे तोवर त्यासाठी दावा मिळत नाही. पॉलिसीला २६ महिने झालेले. ब्लडप्रेशरची गोळी चालू असल्याचे अर्जात लिहिलेले होते. ही एक गोष्ट त्याने बरोबर केली.

सरकारी बाजूला दोन कार्डे होती, निदान असायला हवी होती. एक गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासूनची. पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्यांना, सरकारी नोकर सोडून, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चौघांपासून पुढे चार लाख. या घरात पाच माणसे, म्हणजे चार लाख. कार्ड कपाटात होते, पण नूतनीकरण राहून गेलेले. दुसरे आयुष्मान वय वंदना. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून ७० च्या वरच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंत. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळते. आजीचे ते काढलेलेच नव्हते. आधारवरचे वय हाच पुरावा, त्यामुळे योजनेच्या पॅनलवरच्या इस्पितळातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, हाही ते काढून देतो. इथे मात्र आधारला जोडलेला मोबाईल नंबर आजोबांचा, ते वारल्यावर बंद पडलेला. ओटीपी येणार कुठे? भांडी घासून घासून बोटांचे ठसेही उमटत नव्हते. अशा वेळी चेहरा दाखवून पडताळणी होते, ते मागायला हवे. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

आणि या सगळ्यावर बांबोळी होतीच, म्हणजे तिथले सरकारी गोवा मेडिकल कॉलेज. गोमंतकीयांना तिथे ही शस्त्रक्रिया पॉलिसीशिवायही होते. मडगाव आणि म्हापसा इथे जिल्हा इस्पितळे आहेत. थोडक्यात, ज्या घरी आजी पडल्या त्या घराजवळ चार दारे होती. ते पाचव्यातून आत गेले.

त्या दिवशीचा फोन पुण्याच्या बहिणीचा. "दादा, बांबोळीला खाट कधी मिळणार, ऑपरेशनचा नंबर कधी लागणार, कोण विचारत बसणार? प्रायव्हेटला ने. आणि आईला स्वतंत्र खोली घे हां, विमा आहे ना." बहिणीचे चुकले असे म्हणवत नाही. लांब असलेल्या माणसाला आईसाठी जे करता येते ते पैशाने करता येते, आणि त्यातले सगळ्यात डोळ्यांना दिसणारे म्हणजे खोली. पण या वाक्यातल्या "विमा आहे ना" ची किंमत पुढे काढता येते, ५८,५०० रुपये.

प्री-ऑथ (विम्याची आगाऊ मंजुरी) आणि एका शब्दाची गोष्ट

खासगी इस्पितळाने ५०,००० डिपॉझिट घेऊन दाखल केले आणि कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट भरण्याचा, फॉर्म टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेला) पाठवला. २९ मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा. निर्णय आला तो असा : "अस्थिठिसूळता किती वर्षांपासून? जुने रिपोर्ट पाठवा." कंपनीच्या लेखी हाही निर्णयच. घड्याळ थांबते आणि चेंडू इस्पितळाकडे.

हे का घडले? निवासी डॉक्टरने फॉर्मवर निदानाच्या रकान्यात "ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर" लिहिले. डॉक्टरच्या दृष्टीने बिनचूक, ७२ वर्षांच्या बाईचे हाड ठिसूळच असणार. विम्याच्या दृष्टीने मात्र त्या शब्दाने दावा थेट ३६ महिन्यांच्या वेटिंग पीरियडमध्ये ढकलला. त्याच कलमाचा दुसरा अर्धा भाग असा की सांधा बदलणे अपघातामुळे असेल तर वेटिंग लागू नाही. आणि अपघाताची ठरलेली व्याख्या आहे : अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध घडलेली आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरदार कारणाने झालेली घटना. ओली, शेवाळलेली पायरी त्यात बसते.

तोडगा म्हणजे ठिसूळपणा लपवणे नव्हे. असे सल्ले देणारे एजंट आहेत, त्यांच्या नादी लागू नये. हाडाची घनता तपासल्याचा जुना कागद टीपीएच्या हाती लागला तर पूर्ण दावा जातो. अस्थितज्ज्ञाने दोन ओळींचे पत्र दिले : अमुक दिवशी सकाळी सातला घरच्या ओल्या पायरीवरून पडल्याने दुखापत, पडण्याआधी रुग्ण आधाराशिवाय चालत होती, हाड वयोमानाने ठिसूळ आहे, पण फ्रॅक्चरचे तात्काळ कारण पडणे. सोबत आरोग्य केंद्राचा पहिला केसपेपर, ज्यावर "पायरीवरून घसरून पडल्या" असे सकाळची वेळ घालून लिहिलेले. हा कागद सर्वांत मोलाचा, कारण विम्याचा विषय निघण्याआधी तो लिहिला गेला. टीपीएने पोलिसांचा कागदही मागितला. घरात पाय घसरून पडल्याला तो कुठून आणायचा? इस्पितळाने मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायची) केस नोंदवलेली नसल्याचे पत्र आणि मुलाचे सहीचे निवेदन यावर भागले. मंजुरी संध्याकाळी आली आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

बिल

पाच दिवसांनी हातात आलेले बिल असे :

खोली आणि नर्सिंग, ८,००० प्रमाणे ५ दिवस : ४०,०००
सर्जन, साहाय्यक, भूल, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट : १,२०,०००
इम्प्लांट : ५५,०००
औषधे आणि वापराचे साहित्य : ४२,०००
तपासण्या, एक्स-रे, टूडी एको, रक्त : २३,०००
एकूण : २,८०,०००

विमा ५ लाखांचा, बिल पावणेतीन लाखांच्या जरा वर. घरच्यांचा समज, को-पेचे २८,००० भरून सुटलो. कंपनीने मंजूर केले १,५२,४३८. म्हणजे काउंटरवर भरायचे १,२७,५६२.

पत्रात एकच ओळ होती, "खोलीभाड्याच्या पात्रतेनुसार प्रपोर्शनेट डिडक्शन". ती उलगडून बघू.

पात्रता ५,००० ची आणि खोली ८,००० ची, म्हणजे प्रमाण साडेबासष्ट टक्के. खोलीचे १५,००० तर गेलेच. पण गोष्ट तिथे थांबत नाही. बऱ्याच खासगी इस्पितळांत सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, थिएटरचे भाडे खोलीच्या वर्गावर ठरते. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुम्ही वरचा वर्ग निवडलात, त्यामुळे फुगलेली फी आम्ही का द्यावी? त्या १,२०,००० चेही साडेबासष्ट टक्केच, म्हणजे ७५,०००. इथवर कंपनी नियमात आहे.

टीपीएने मात्र हाच गुणक इम्प्लांट, औषधे आणि तपासण्यांनाही लावला. हे चालत नाही. नियामकाच्या जून २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी औषधे व वापराचे साहित्य, इम्प्लांट व उपकरणे आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपातीतून वगळले आहे. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. ज्या इस्पितळात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे तर मुळीच लावता येत नाही. कारण सरळ आहे : स्वतंत्र खोलीत झोपल्याने कृत्रिम गोळा महाग होत नाही.

औषधे-साहित्याच्या ४२,००० पैकी न दिल्या जाणाऱ्या वस्तूंचे ९,००० मात्र खरोखरच जातात. नियामकाची ६८ वस्तूंची यादी आहे. हातमोजे, डायपर, वॉकर, एअरबेडचे भाडे, ईसीजीचे इलेक्ट्रोड, आणि आत काय आहे ते न लिहिलेली कुठलीही "किट". हाडांच्या बिलात "ऑर्थो किट" असा मोघम आकडा दिसला तर डिस्चार्जच्या आधीच त्याची फोड मागावी. फोडीत टाके, ड्रेसिंग, औषधे निघाली तर ती मान्य होण्याची शक्यता राहते. बिलिंगची मुले ती फोड देतात, फक्त मागावी लागते आणि डिस्चार्जच्या दुपारी मागून उपयोग नसतो.

तर बरोबर हिशेब : खोलीचे २५,०००, फीचे ७५,०००, इम्प्लांटचे ५५,०००, औषधांचे ३३,०००, तपासण्यांचे २३,०००. मान्य रक्कम २,११,०००. त्यातून १० टक्के को-पे २१,१००. कंपनीने द्यायचे १,८९,९००, घराने ९०,१००. टीपीएच्या चुकीने ३७,४६२ जादा कापले गेले होते.

आता तीच आजी, तोच सर्जन, पण खोली ५,००० ची धरा, आणि त्या वर्गात फी १,२०,००० ऐवजी ९०,०००. बिल २,३५,०००, न मिळणारे ९,००० वजा, उरलेल्या २,२६,००० वर को-पे २२,६००. घराचा खर्च ३१,६००. खोलीतला फरक रोजचा ३,०००, पाच दिवसांचा १५,०००. खिशातला फरक ५८,५००. एका जादा खिडकीची आणि सोफा-कम-बेडची ही किंमत. ॲडमिशनच्या टेबलावर हे कुणी सांगत नाही. तिथे "तुमची एन्टायटलमेंट किती?", म्हणजे खोलीची पात्रता किती, एवढे विचारतात आणि गडबडीतला माणूस म्हणतो, "पाच लाख."

डिस्चार्जच्या दिवशी पैसे भरूनच बाहेर पडावे लागले. अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा आहे, आणि उशिरामुळे इस्पितळाने जादा आकारले तर ते कंपनीने सोसायचे. मंजुरी वेळेत आली. चुकीची होती, पण वेळेत आली.

३७,४६२ परत मिळवण्याची वाट लांब नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्यात भावना नको. बिलाची फोड, लावलेला गुणक, लागू असलेला गुणक आणि फरकाची रक्कम, चार ओळींत. सोबत अंतिम बिल, मंजुरीपत्र आणि पॉलिसीतल्या "असोशिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस" (खोलीच्या वर्गाशी जोडलेले खर्च) च्या व्याख्येचे पान. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच तक्रार नोंदवावी. उत्तर पटले नाही किंवा ३० दिवसांत आले नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि नकारापासून वर्षाच्या आत जायचे. निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर रोजचे ५,००० रुपये दंड. अंकगणिताची चूक कागदावर सिद्ध होत असेल तर प्रकरण बहुधा पहिल्याच पायरीवर मिटते. या नमुन्यातही तसेच धरले आहे, ईमेलनंतर फरक खात्यात जमा. मतभेदाची प्रकरणे, म्हणजे पडणे आणि ठिसूळपणासारखी, लोकपालापर्यंत जातात.

वाद कशावर चालतो आणि पैसा कुठे जातो

आरोग्यविम्याच्या सुधारणेवर बोलणारे बहुतेकदा हप्त्यावर बोलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. चांगलेच झाले. या घरात आजीचा मूळ हप्ता ३८,००० धरा. जीएसटीसह तो ४४,८४० व्हायचा, म्हणजे वर्षाला ६,८४० वाचले. आता दुसरी बाजू. साठीच्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी बोलावे लागते, हा जानेवारी २०२५ चा आदेश. ज्येष्ठांच्या बाजूचा म्हणून त्याचे स्वागत झाले. पण दहापर्यंत वाढवायला कुणाला विचारावे लागत नाही. ३८,००० चे ४१,८०० आणि पुढच्या वर्षी ४५,९८०. दोन नूतनीकरणांत जीएसटीची सवलत संपून वर हजार रुपये चढले.

दुसरा गट कार्डाची मर्यादा वाढवा म्हणतो. दीनदयाळचे चार लाख अपुरे, दहा करा. कॅन्सर किंवा किडनीच्या लांबलेल्या उपचारात हा मुद्दा खरा आहे. इथे मात्र चार लाखांची मर्यादा आड आलीच नाही. आड आले ते कार्ड चालू नसणे आणि निवडलेले इस्पितळ आयुष्मानच्या पॅनलवर नसणे. पॅनलवर इस्पितळे का येत नाहीत, हे इस्पितळवाल्यांना विचारले तर ते पॅकेजचे दर आणि पैसे मिळायला लागणारा वेळ ही दोन कारणे देतात. त्यांचे सगळेच खोटे नसते. पॅकेजात इम्प्लांट, औषधे, जेवण, आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस सगळे बांधलेले असते आणि वर रुग्णाकडून मागायचे नसते. आकडा मोठा करून इस्पितळ पॅनलवर येत नाही, दर आणि वेळ जमले की येते.

तिसरा मुद्दा दरांचा, आणि आमच्या मते खरा मुद्दा हाच. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने कमाल मर्यादा घातली. खुब्याच्या इम्प्लांटवर तशी मर्यादा नाही. त्याला लागू आहे ती एवढीच अट की छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. मूळ छापील किंमत किती असावी, यावर काहीच नाही. म्हणून इम्प्लांटचे स्टिकर बिलाला चिकटवून घ्यावे आणि शस्त्रक्रियेआधी दोन-तीन पर्यायांच्या किमती लेखी मागाव्यात. सत्तरीच्या पुढच्या, घराभोवती चालणाऱ्या माणसाला सगळ्यात महागडा गोळा लागतोच असे नाही; सर्जन ते सांगतो, विचारले तर.

फीचे काय? त्याच टेबलावर, त्याच सर्जनने, त्याच पाऊण-एक तासात केलेल्या कामाला खोलीनुसार ९०,००० किंवा १,२०,००० का? इस्पितळांचे उत्तर असते की वरच्या वर्गातला रुग्ण खालच्या वर्गाचा भार उचलतो. असेल. मग तो भार रुग्णाला आधी दिसला पाहिजे. विमा कंपनीने तो नाकारायचा, इस्पितळाने तो लावायचा आणि दोघांच्या मधल्या फटीत घराने पडायचे, हे आज चालते. खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलणारे फीचे दर ॲडमिशनच्या वेळी एका कागदावर द्यायची सक्ती केली, तर ५८,५०० चा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. त्याला सरकारी तिजोरीतून छदामही लागत नाही.

घरी आल्यावर

इस्पितळाचा हिशेब ९०,१०० वर मिटला. नंतर दोन महिने दिवसाची मदतनीस बाई, महिना १८,००० प्रमाणे ३६,०००. फिजिओथेरपिस्ट घरी येणार, ६०० प्रमाणे वीस वेळा, १२,०००. वॉकर आणि कमोडची खुर्ची ५,५००. एकूण ५३,५००. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांच्या कलमात औषधे, फॉलो-अपचा एक्स-रे आणि डॉक्टरने लिहून दिलेली फिजिओथेरपी बसू शकते. डिस्चार्ज कार्डवर "फिजिओथेरपी, २० सत्रे" हे शब्द असतील तरच. बाईचा पगार कुठेच बसत नाही. बांबोळीत एक पैसा न देता शस्त्रक्रिया झाली असती तरी हे ३६,००० आणि खुर्चीचे पैसे गेलेच असते. सरकारी इस्पितळात जायला कचरणाऱ्या घरांच्या मनात बऱ्याचदा ही भीती असते : ऑपरेशन होईल, पण रात्री आईजवळ कोण? उपचार परवडण्याच्या चर्चेत हा प्रश्न फारसा कुणी घेत नाही.

आणि मूळ दुखणे? हाड ठिसूळ आहे म्हणून मोडले. एका खुब्यानंतर दुसरा मोडण्याचा धोका वाढतो, त्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बहुधा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन. विम्याच्या नजरेत अस्थिठिसूळता अजून दहा महिने वेटिंगमध्ये, आणि इंजेक्शन थोड्या वेळाच्या सलाईनचे. पॉलिसीत डे-केअरची (त्याच दिवशी घरी सोडायच्या उपचारांची) सोय असली तरी आजारच वेटिंगमध्ये असल्याने उपयोग नाही. पुढचा पावणेतीन लाखांचा खर्च टाळू शकणारी गोष्ट खिशातून घ्यायची. सरकारी ओपीडीत ती विचारून बघावी. बांबोळीचे दार तिथे पुन्हा कामाला येते.

नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा हप्ता ४१,८०० होता. खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकणारा रायडर (पॉलिसीला जोडायची जादा सोय) घ्यायचा का, असा प्रश्न मुलाने विचारला. रायडरची किंमत आणि दर वर्षी प्रत्यक्षात इस्पितळात जाण्याची शक्यता पाहता त्याने तो घेतला नाही. त्याऐवजी आधारचा मोबाईल नंबर बदलला, वय वंदना कार्ड काढले, दीनदयाळचे नूतनीकरण केले. पॅनलवरच्या इस्पितळांची यादी आणि पॉलिसीतली "खोली ५,००० पर्यंत" ही ओळ एकाच कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावली. त्याचा फोटो पुण्यालाही पाठवला.